डेस्कटॉप जसाच्या तसा लॅपटॉपमध्ये हलवायचाय – फाइली, सॉफ्टवेअर, विंडोज सगळं. जमतं का?

खिळेजुळारी – ०९/०९/२०२५, २१:१४

नमस्कार मंडळी. बार्शीत माझं छोटं कंपोजिंगचं दुकान आहे. वडील खिळे जुळवायचे, ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) होती, मी २००३ पासून काँप्युटरवर. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं, एवढंच काम. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून ऑफसेट छपाईवाल्याकडे द्यायचं.

मशीन २०११ चं असेंबल्ड आहे, विंडोज ७, ३२-बिट, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. आता त्याचं लई नाटक चालू झालंय. रोज सकाळी काळी स्क्रीन येते, एफ१ दाबा म्हणतो, तारीख २००९ ची दाखवतो आणि मग नेटवर कुठलीच साइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. मधेच फाइल उघडायला पाच पाच मिनिटं घेतो. म्हणून शेवटी लॅपटॉप घेतला, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११. आई म्हणाली पितृपक्षात नवीन वस्तू नको म्हणून गणपतीतच आणून ठेवला आणि तेव्हापासून खोक्यातच आहे, कारण हात लावायला धीर होईना.

माझं म्हणणं एवढंच की जुन्यात जे जसं आहे ते तसंच्या तसं नव्यात पाहिजे. पेजमेकर, कोरल (पानं आणि डिझाइन करायची सॉफ्टवेअर), मराठी फाँट, डेस्कटॉपवरच्या फाइली ज्या जागेवर आहेत त्याच जागेवर. आमच्याकडचा एक मेकॅनिक म्हणतो १५०० रुपये दे, घोस्ट मारून देतो, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर. मारून घेऊ का? तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा सीझन चालू होतो, त्याच्या आत झालं पाहिजे.

बायनरी_बुवा – ०९/०९/२०२५, २१:५२

घोस्ट मारू देऊ नका. १५०० रुपये जातील ते जातील, वर लॅपटॉपची आलेली विंडोज पुसली जाईल.

कारण सांगतो. तुमचं जुनं मशीन बायोसवालं (मशीन चालू व्हायची जुनी पद्धत), डिस्कची मांडणी एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीची. नवीन लॅपटॉप यूईएफआय या नव्या पद्धतीचा, त्याला जीपीटी मांडणीची डिस्क लागते, आणि जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय बहुतेक नवीन लॅपटॉपमध्ये आता ठेवलेलीच नसते. त्यात ३२-बिटची विंडोज ७. समजा मारून मुटकून चढवलीच, तरी विंडोज ७ ला नव्या प्रकारची एनव्हीएमई एसएसडी स्वतःहून ओळखता येत नाही, यूएसबी ३ चे ड्रायव्हर तिच्यात नाहीत, म्हणजे माउस लावाल तर तोही हलणार नाही. वायफाय, डिस्प्ले, कशाचेच ड्रायव्हर मिळणार नाहीत. नवीन बंगल्यात जुन्या वाड्याचं वायरिंग उचलून बसवण्यासारखं आहे ते.

आणि विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झालेत. विंडोज १० चे पण पुढच्या महिन्यात १४ ऑक्टोबरला बंद होतायत, ११ घेतलीत ते बरंच केलंत.

खटपट्या – ०९/०९/२०२५, २२:२०

बुवा थोडं जास्त घाबरवतायत. विंडोज १० किंवा ११ असेल तर क्लोन करून दुसऱ्या मशीनवर चालतं, मी स्वतः तीनदा केलंय, पहिल्या बूटला ड्रायव्हर शोधत बसते दहा मिनिटं आणि मग येते ताळ्यावर. एमबीआरचं जीपीटी करायला विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल येतं. अडचण येते ती इंटेलच्या व्हीएमडीची (डिस्क हाताळायची एक सोय), अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते चालू असतं, क्लोन केलेल्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो मग निळी स्क्रीन आणि खाली इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद केलं की सुटतं.

पण विंडोज ७ आणि तेही ३२-बिट, तिथे बुवांचंच बरोबर. नाद सोडा.

ताळेबंद – ०९/०९/२०२५, २२:४१

व्हीएमडी बंद करा म्हणून सहज सांगताय, पण त्याआधी एक बघा. विंडोज ११ च्या नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, होम एडिशनमध्ये सुद्धा, आपल्याला कुणी विचारत नाही. बायोसमध्ये काही हलवलं की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. आमच्या ऑफिसात एका आर्टिकलने, म्हणजे सीएकडे शिकणाऱ्या मुलाने, हेच केलं, की होती ज्या मेल आयडीवर तो मेल आयडी त्याच्या आधी सोडून गेलेल्या मुलाचा. त्या मुलाला पुण्यात फोन लावून, त्याच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन, असं करून उघडलं. आधी की लिहून घ्या, कागदावर, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

मु_पो_डब्लिन – ०९/०९/२०२५, २३:०५

मॅकमध्ये मायग्रेशन असिस्टंट म्हणून असतं, दोन्ही मशीन एकमेकांना जोडा, झोपा, सकाळी उठून बघा तर अॅप्स, फाइली, वॉलपेपरसकट सगळं पलीकडे. विंडोज ७ मध्ये ईझी ट्रान्सफर होतं तसलं, १० मध्ये काढून टाकलं. का काढलं देव जाणे.

खिळेजुळारी – १०/०९/२०२५, ०८:३३

दादा मॅकवर पेजमेकरची पत्रिका कोण करून देणार 😀

बाकीच्यांचं वाचून रात्री झोप नाही. मग माझं काय होणार? घोस्ट नाही, क्लोन नाही, तर परत सगळं एकेक करून इन्स्टॉल करायचं का? पेजमेकरची सीडी कुठे आहे तेच माहीत नाही आणि लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही.

बायनरी_बुवा – १०/०९/२०२५, ०९:१०

आधी डोक्यात तीन ढीग करा, कारण तुम्ही तिन्ही एकाच पोत्यात घालताय. एक फाइली, त्या जशाच्या तशा येतात, प्रश्नच नाही. दोन प्रोग्रॅम, ते कॉपी करून येत नाहीत कारण प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर म्हणजे नुसता सांगाडा असतो, त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजची नोंदवही), डीएलएल सिस्टम फोल्डरमध्ये, सेटिंग अॅपडेटामध्ये, लायसन्स आणखी तिसरीकडे. तीन विंडोज, ती आणायचीच नाही.

आणि पहिलं काम, आजच्या आज, क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून हार्डडिस्कची तब्येत बघा. फाइल उघडायला पाच मिनिटं हे मला बरं लक्षण वाटत नाही.

खिळेजुळारी – १०/०९/२०२५, १३:४७

टाकलं. पिवळं दाखवतोय, कॉशन. रिअॅलोकेटेड सेक्टर काउंट असं लिहिलंय त्याच्यापुढे पिवळा ठिपका.

बायनरी_बुवा – १०/०९/२०२५, १३:५५

म्हणजे डिस्कचे काही भाग खराब झालेत. मग बाकी चर्चा बंद. मशीनवर नवीन काम करू नका, आधी फाइली बाहेर काढा.

पेंग्विनपंथी – १०/०९/२०२५, १४:३०

अवांतर होतंय पण लिनक्सवर असता तर डिस्क काढून लॅपटॉपला लावली असती आणि चालू झालं असतं, ड्रायव्हर बहुतेक कर्नलमध्येच (लिनक्सचा गाभा). माझं डेबियन तिसऱ्या मशीनवर आहे, इन्स्टॉल एकदाच केलं होतं. होम फोल्डर आरसिंकने, पॅकेजची यादी एका फाइलमध्ये, झालं.

अनामिक_आत्या – १०/०९/२०२५, १४:४१

आले का लिनक्सवाले! मी वाटच बघत होते.

खटपट्या – १०/०९/२०२५, १५:१८

फाइली काढायचा मार्ग. पेनड्राइव्हने करू नका, १६ जीबीच्या पेनड्राइव्हने ४०० जीबी म्हणजे विहीर तांब्याने उपसणं. डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि थेट लॅपटॉपला लावा. डेस्कटॉपची ३.५ इंची डिस्क आहे म्हणजे वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर येणारं केसिंगच मागा, लॅपटॉपच्या छोट्या डिस्कचं स्वस्तातलं आणलंत तर डिस्क फिरणारच नाही आणि तुम्हाला वाटेल डिस्क गेली. यूएसबी ३ चं घ्या. २ वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात म्हणजे ४०० जीबीला चार तास धरा, तेही फाइली मोठ्या असल्या तर.

कॉपीपेस्टने करू नका, मधे एक फाइल अडली की सगळं तिथेच थांबतं. रोबोकॉपी वापरा, विंडोजमध्येच असतं. कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करा: रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठे, मग स्लॅश मिर.

बायनरी_बुवा – १०/०९/२०२५, १५:२६

अहो खटपट्या!! स्लॅश मिर नवख्या माणसाला सांगताय? मिर म्हणजे आरसा, उगमात जे नाही ते पलीकडचं पुसून टाकतं. ह्यांनी चुकून कुठून आणि कुठे उलटं टाकलं तर रिकामा लॅपटॉप उगम, आणि वीस वर्षांच्या पत्रिका साफ.

स्लॅश ई द्या, त्याने सगळी आतली फोल्डरं येतात आणि काही पुसलं जात नाही. स्लॅश एक्सजे पण द्या, नाहीतर युजर्समधली काही फोल्डरं स्वतःकडेच बोट दाखवतात आणि कॉपी गोल गोल फिरत राहते.

खटपट्या – १०/०९/२०२५, १५:४०

मान्य. चूक झाली. मिर नको.

खिळेजुळारी – १२/०९/२०२५, ०७:२०

काल केसिंग आणलं, रात्री नऊला कमांड लावली आणि घरी गेलो. आज सकाळी येऊन बघतो तर जिथे होतं तिथेच! २०१४ ची एक कोरलची फाइल, ती वाचता येईना, ३० सेकंद थांबतो, परत प्रयत्न, परत ३० सेकंद. रात्रभर तेच. डिस्क टकटक आवाज करतेय. आता काय?

बायनरी_बुवा – १२/०९/२०२५, ०७:४८

माझीच चूक, सांगायचं राहिलं. रोबोकॉपी काही सांगितलं नाही तर एका फाइलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं. जन्म जाईल. कंट्रोल सी दाबून थांबवा, परत तीच कमांड, आता शेवटी स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ जोडा. एकदा प्रयत्न, एक सेकंद थांबा, पुढे चला. झालेल्या फाइली ते परत करत बसत नाही. आणि स्लॅश लॉग कोलन देऊन फाइलीचं नाव द्या, म्हणजे काय काय सुटलं त्याची यादी मिळेल.

टकटक आवाज आहे तर आधी सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर घ्या, सिनेमे आणि गाणी शेवटी.

खिळेजुळारी – १२/०९/२०२५, १९:०२

झालं!! संध्याकाळी पाचला संपलं. ३८७ जीबी. सुटलेल्या फाइली फक्त ११, त्यातल्या नऊ जुने फोटो, एक ती कोरलची आणि एक दाते आडनावाच्या गिऱ्हाइकाची पत्रिका, त्यांच्या मुलाला आता मूलबाळ झालंय म्हणजे काही बिघडत नाही. युजर्सच्या फोल्डरला आधी परवानगी नाही म्हणत होता, मग ओनरशिप घेतली.

सगळ्यांना चहा माझ्याकडून. पण आता पुढचं, लॅपटॉपवर एक पत्रिका उघडून बघितली कोरलमध्ये, मराठीच्या जागी सगळं इंग्रजी कचरा! ई जे के बी एच असलं काहीतरी. फाइली खराब झाल्या का?

अनामिक_आत्या – १२/०९/२०२५, १९:३०

मी डीटीपी करायचे दहा वर्षं म्हणून ही मला माहितीय. फाइल अजिबात खराब नाही. ई जे के बी एच म्हणजे "मराठी"च आहे, कृतिदेव फाँटमध्ये. ते जुने फाँट युनिकोड नाहीत, त्यांच्यात इंग्रजी ई च्या घरात म चं चित्र बसवलेलं असतं, जे च्या घरात र, के च्या घरात काना. फाँट असेल तर म दिसतो, नसेल तर खालचा ई उघडा पडतो.

फाँट जुन्या डिस्कवर विंडोजमधल्या फाँट्स फोल्डरमध्ये आहेत. एक मात्र नीट ऐक, नव्या विंडोजमध्ये फाँटवर डबलक्लिक करून इन्स्टॉल दाबलंस की तो फक्त तुझ्या युजरपुरता बसतो, अॅपडेटाच्या आत कुठेतरी, आणि जुन्या प्रोग्रॅमना तो दिसतच नाही. राइटक्लिक करून सर्व युजरसाठी इन्स्टॉल करा असं असतं ते निवड. मी याच्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय. आणि एखादा फाँट दोन फाइलींचा असेल, पीएफबी आणि पीएफएम, तर दोन्ही घे, एकटी असून उपयोग नाही.

खिळेजुळारी – १२/०९/२०२५, २१:१५

आत्या तुमचे पाय धरतो. २१४ फाँट टाकले, पत्रिका उघडली, ॥ श्री गणेशाय नमः ॥ जागच्या जागी! फक्त गणपतीचं चित्र नाही, चौकटीत फुली.

अनामिक_आत्या – १२/०९/२०२५, २१:२२

ते चित्र फाइलीत नसतंच रे, लिंक केलेलं असतं. डी ड्राइव्हवरच्या क्लिपार्टमधून आणलेलं असणार आणि लॅपटॉपला डी ड्राइव्हच नसेल.

खिळेजुळारी – १२/०९/२०२५, २१:२६

नाहीच आहे. एकच सी.

खटपट्या – १२/०९/२०२५, २१:५०

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी थोडा आक्रसून घ्या, मोकळ्या जागेचा नवीन ड्राइव्ह करा आणि त्याला डी अक्षर द्या. मग क्लिपार्टचं फोल्डर जुन्यासारखंच त्यात. सगळ्या लिंका आपोआप जुळतील, दोन हजार पत्रिका एकेक करून उघडत बसायला नको. मिर प्रकरणाची भरपाई समजा.

ताळेबंद – १३/०९/२०२५, १०:१५

एक सावधगिरी. विंडोज ११ च्या सेटअपमध्ये नेक्स्ट नेक्स्ट केलं असेल तर तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची नेटवरची साठवण) आत गेलेलं असू शकतं, आणि फुकटची जागा ५ जीबीच. तिथे ३८७ जीबी टाकलंत तर ते बिचारं दिवसभर अपलोड करत बसेल आणि मग भरलं म्हणून ओरडेल. बघून घ्या, आणि बॅकअप बंद करायचा असेल तर त्याच्या सेटिंगमधून करा, फोल्डर डिलीट करून नाही.

हा धागा आमच्यासारखे लोकही वाचत असतील म्हणून ऑफिसवाल्यांसाठी थोडं. टॅलीचा डेटा म्हणजे नुसती आकड्यांच्या नावाची फोल्डरं, ती आणि बॅकअप दोन्ही घ्या, पण जुनं मशीन फॉर्मॅट करण्याआधी त्याच्यावरूनच लायसन्स सरेंडर करा, नंतर नव्यावर अॅक्टिव्हेट. बरेच लोक उलटं करतात. आउटलुकच्या पीएसटी फाइली (मेल साठवलेल्या) जुन्या मशीनवर डॉक्युमेंट्समध्ये नसल्या तर अॅपडेटामध्ये लपलेल्या असतात, ओएसटी आणू नका, ती दुसरीकडे उघडत नाही. डिजिटल सिग्नेचरचं टोकन नवीन लॅपटॉपला लावलं की काहीच होत नाही, त्याचा ड्रायव्हर टाका, जीएसटीसाठी ईएमसाइनर टाका, टीडीएसच्या आरपीयूला जावा लागतं ते टाका, आणि हे सगळं विसाव्या तारखेला रात्री अकराला करू नका. क्रोमचं प्रोफाइल फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, ते त्या मशीनच्या त्या युजरच्या कुलपात असतात. सिंक करा नाहीतर जुन्यावरून एक्सपोर्ट करून घ्या, आणि घेतलेली फाइल काम झाल्यावर पुसा, त्यात पासवर्ड उघडे असतात. फायरफॉक्स आणि थंडरबर्डची प्रोफाइल मात्र उचलून ठेवली तरी चालतात.

खिळेजुळारी – १३/०९/२०२५, १८:४०

डी ड्राइव्ह केला, गणपती आला 🙏

राहिला पेजमेकर. जुनी सीडी सापडली, मित्राच्या ड्राइव्हवरून चालवून बघितली, इन्स्टॉलर म्हणतो हा प्रोग्रॅम या मशीनवर चालणार नाही. आणि दुसरं म्हणजे मी ज्याच्यावर मराठी टाइप करतो त्या सॉफ्टवेअरला लॉक आहे, डोंगल, जुन्या प्रिंटरच्या पोर्टला लागतं ते मोठं २५ पिनांचं. लॅपटॉपला कुठे लावू?

बायनरी_बुवा – १३/०९/२०२५, १९:२५

सीडीचं कारण, त्या काळच्या काही प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर १६-बिटचा असायचा. ६४-बिट विंडोज १६-बिटचं काही चालवतच नाही, आणि विंडोज ११ ही ६४-बिटमध्येच येते. तुमची जुनी ३२-बिटची होती म्हणून तिथे चाललं.

डोंगलचं वाईट आहे. बाजारात यूएसबी ते पॅरलल केबल मिळते ती फक्त प्रिंटरपुरती, डॉटमॅट्रिक्स चालेल, डोंगल नाही, ते पोर्टशी वेगळ्या तऱ्हेने बोलतं. पैसे घालवू नका.

पण आता तुम्हाला जे पहिल्या दिवसापासून पाहिजे होतं ते देतो. जुना डेस्कटॉप अख्खा, जसाच्या तसा, लॅपटॉपच्या आत एका खिडकीत. व्हर्च्युअल मशीन. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं छोटं फुकट टूल आहे, जुन्या मशीनवर चालू विंडोजमध्येच चालवायचं, ते सी ड्राइव्हची एक मोठी फाइल करून देतं. ती फाइल बाहेरच्या डिस्कवर साठवा, त्याच डिस्कवर नको. व्हीएचडीएक्सची टिचकी काढा, साधी व्हीएचडी करा, कारण व्हर्च्युअलबॉक्सला व्हीएचडीएक्सवर लिहिता येत नाही. मग लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, नवीन मशीन, विंडोज ७ ३२-बिट, ईएफआय बंद, रॅम ३ जीबी, आणि डिस्क म्हणून ही फाइल.

हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं खरं तर, पण तुमची डिस्क पिवळी झाली आणि राहून गेलं.

खटपट्या – १३/०९/२०२५, १९:४०

एक नंबर. एक मुद्दा, लायसन्स. विंडोज जुन्या मशीनसोबत आलेली ओईएम असेल तर ती त्याच मशीनला बांधलेली असते, आत परत अॅक्टिव्हेशन मागेल. आणि खिळेजुळारी, खरं सांगा, कोरल ओरिजिनल आहे का?

खिळेजुळारी – १३/०९/२०२५, २०:०१

पुढचा प्रश्न विचारा.

अनामिक_आत्या – १३/०९/२०२५, २०:०३

😂😂

खिळेजुळारी – १७/०९/२०२५, २२:१८

चार दिवस झाले, फाइल केली, ९६ जीबीची झाली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लावली तर काळी स्क्रीन, बूट करायला काही सापडत नाही म्हणतो.

बायनरी_बुवा – १७/०९/२०२५, २२:३०

डिस्क-टू-व्हीएचडीमध्ये फक्त सी ला टिचकी केली होती का? त्याच्यावर १०० एमबीचं एक बिननावाचं पार्टिशन दिसलं असेल, सिस्टम रिझर्व्ड. विंडोज ७ चं बूट त्याच्यातच असतं. तीही टिचकी करा आणि परत करा.

खिळेजुळारी – १८/०९/२०२५, १४:०९

आता विंडोजचा झेंडा येतो, मग क्षणभर निळी स्क्रीन आणि रीस्टार्ट. परत झेंडा, परत निळी.

खटपट्या – १८/०९/२०२५, १४:३३

जुन्या बायोसमध्ये डिस्क आयडीई या जुन्या मोडला असणार, तेव्हा असेंबल करणारे तसंच ठेवायचे. विंडोज ७ मध्ये मग एएचसीआय या नव्या मोडचा ड्रायव्हर झोपलेला असतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्टोरेजमध्ये साटा कंट्रोलरवरून डिस्क काढा आणि आयडीई कंट्रोलरवर लावा. बाकी काही करू नका.

खिळेजुळारी – १८/०९/२०२५, १५:१२

आलं!!!!!

माझा वॉलपेपर, आमच्या भगवंत मंदिराचा फोटो, डेस्कटॉपवर त्याच ४१२ फाइली त्याच गचाळ जागेवर, पेजमेकर उघडला आणि शेवटची अर्धवट राहिलेली पत्रिका तशीच. वडील दुकानात बसले होते, त्यांना दाखवलं तर म्हणाले लॅपटॉपमध्ये टीव्ही लावल्यासारखं दिसतंय. बघायला गेलं तर तसंच आहे.

बायनरी_बुवा – १८/०९/२०२५, १५:३०

अभिनंदन. आता त्या आतल्या विंडोज ७ चं नेटवर्क सेटिंगमधून काढून टाका, तिला नेटची गरज नाही आणि अपडेट नसलेली ती बाहेर मोकळी सोडायची नाही. फाइली ये-जा करायला गेस्ट अॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं जोडसॉफ्टवेअर) टाकून शेअर्ड फोल्डर करा. आणि व्हीएचडी फाइलीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर कायम असू द्या, ती बिघडली की नुसती नवी प्रत ठेवायची.

ताळेबंद – १९/०९/२०२५, ११:०५

वाचनखूण साठवली. आमच्या जुन्या पगारपत्रकाच्या प्रोग्रॅमसाठी हेच करणार.

अनामिक_आत्या – १९/०९/२०२५, १२:४४

डोंगलवर माझं मत. जुन्या पत्रिका उघडायला, दुरुस्त करायला डोंगल लागत नाही, फाँट पुरेत. लागतं ते फक्त नवीन टाइप करायला. तर नवीन मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायला लाग, विंडोज ११ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आहेत. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, तिथे न्यायचं असेल तर कन्व्हर्टरने जुन्या फाँटमध्ये करून घे आणि प्रूफ डोळ्यात तेल घालून वाच, र्‍ह आणि श्र ला हमखास घोळ होतो. रेमिंग्टनची (टाइपरायटरची कीबोर्ड मांडणी) बोटं बदलायला तीन महिने लागतात, शिव्या घालत घालत. मला लागले.

खिळेजुळारी – १९/०९/२०२५, १३:२०

आत्या रेमिंग्टन सुटायचं नाही. टाइपरायटिंग चाळीसची परीक्षा पास आहे मी.

अनामिक_आत्या – १९/०९/२०२५, १३:२२

मग मीपण चाळीसच पास आहे, तीसुद्धा पहिल्या फटक्यात!

खिळेजुळारी – ०५/१०/२०२५, २०:५०

थोडा उशीर झाला, नवरात्राची कामं होती. खंडेनवमीला दोन्ही मशीनची पूजा केली, जुन्याची आणि नव्याची, ट्रेडलचा एक खिळ्यांचा खण पण असतो त्यात.

सद्यस्थिती. कोरल, फाँट, फाइली लॅपटॉपवर. पेजमेकर आतल्या खिडकीत. लेझरजेट १०२० चा ड्रायव्हर ६४-बिटचा टाकला, लॅपटॉपवरून ट्रेसिंग निघतंय, आतल्या खिडकीतून पीडीएफ शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो आणि बाहेरून प्रिंट. थोडा वळसा आहे पण जमतंय. डोंगल मात्र जुन्या डेस्कटॉपलाच. नवीन मॅटर अजून तिथेच टाइप करतो आणि पेनड्राइव्हने इकडे आणतो. म्हणजे डेस्कटॉप गेला नाहीच. त्याच्यात जुनी डिस्क काढून एक छोटी एसएसडी घातली, जुनी डिस्क कागदात गुंडाळून कपाटात.

फक्त ते एफ१ आणि २००९ चं अजून तसंच आहे. एसएसडी घातली तरी रोज सकाळी तारीख २००९. काय करावं?

खटपट्या – ०५/१०/२०२५, २१:०४

अहो मदरबोर्डवरचा सेल गेलाय! गोल, रुपयाएवढा, सीआर२०३२. घड्याळजीकडे पण मिळतो. तारीख चुकली म्हणून नेट सुरक्षित नाही म्हणत होतं. हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि आम्ही सगळे एमबीआर जीपीटी करत बसलो.

खिळेजुळारी – ०६/१०/२०२५, १०:३७

बदलला. ३० रुपये. एफ१ गेलं, तारीख बरोबर, नेट चालू, आणि एसएसडीमुळे लॅपटॉपच्या आधी उघडतोय.

आता खरं सांगा, लॅपटॉप घेतला हे घरी कसं सांगू?

अनामिक_आत्या – ०६/१०/२०२५, १०:४५

डिस्क पिवळी होती म्हण. खोटं नाहीये ते.